आमच्या घरची सायकल : एक अभ्यास



आपल्या गावात आता मोटरसायकली आल्या आहेत. तरी सायकल काही गेली नाही. सकाळी शाळेच्या फाटकापाशी उभे राहा आणि रस्ता पाहा. कोणाच्या सायकलीमागे धानाचे पोते असते. कोणाच्या दांडीवर लहान पोरगा बसलेला असतो. कोणाच्या हँडलला दुधाचा डबा लटकलेला असतो. सायकलीला डिझेल लागत नाही, पेट्रोल लागत नाही. तिला फक्त हवा, थोडे तेल आणि आपले पाय लागतात.

परिसर अभ्यासाच्या तासाला गुरुजींनी सांगितले, "प्रत्येकाने आपल्या घरातली एक वस्तू घ्या. ती पाहा, मोजा, घरच्यांना विचारा आणि मग लिहा. पाठ करून लिहू नका." कोणी सूप घेतले, कोणी जाते घेतले, कोणी कंदील घेतला. मी सायकल घेतली. मला वाटले होते की एका दिवसात अभ्यास होईल. पण महिना लागला.

१. घर आणि सायकल

आमचे गाव सिंदेवाही तालुक्यात आहे, जिल्हा चंद्रपूर. गावापासून सिंदेवाही ४ किलोमीटर ५०० मीटर आहे. मधात दीड किलोमीटर जंगल आहे. त्यात साग आहे, बांबू आहे, मोहाची झाडे आहेत आणि वाघही आहे.

आमच्या घरी पाच माणसे आहेत. आबाजी, बाबा, आई, ताई आणि मी. बाबा सिंदेवाहीला धानाच्या मिलमध्ये कामाला जातात. आई शेतात जाते, आणि मोह, तेंदूपत्ता ज्या त्या दिवसांत वेचते. ताई सातवीत आहे. ती ३ किलोमीटरवरच्या शाळेत मैत्रिणींबरोबर पायी जाते. तिथे सातवीपर्यंतच वर्ग आहेत. आठवीला सिंदेवाहीलाच जावे लागते. म्हणून ताईच्या आठवीचे काय करायचे, हे आमच्या घरी मार्च महिन्यापर्यंत ठरले नव्हते.

पाच माणसांत सायकल एकच आहे. ती आबाजींनी १९७८ साली धान विकून घेतली. काळी, २२ इंची, दांडीची. कंपनी ॲटलस. ही कंपनी १९५१ साली सोनीपतला सुरू झाली होती. तिचा शेवटचा चालू कारखाना साहिबाबादला होता, तो २०२० साली बंद पडला. पण आमची सायकल अजून चालू आहे. तिचे टायर, चेन, सीट, पायडल सगळे बदलून झाले आहे. सांगाडा मात्र तोच आहे.

सायकल घेतली तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता. सगळा मिळून एकच चंद्रपूर जिल्हा होता. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. आबाजी सांगतात, "आमी चार गडी मिळून सायकलीनं रातभर नाटक पाहाले जाऊन." आपल्या झाडीपट्टीत हिवाळ्यात दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक असते, ते तुम्हाला माहीतच आहे. तेव्हा सायकलीला डायनामो होता. तो मागच्या टायरला घासून फिरायचा आणि त्यातून वीज तयार होऊन पुढचा दिवा लागायचा. सायकल जोरात चालली की उजेड जास्त, हळू चालली की उजेड कमी, आणि थांबली की अंधार. आबाजी म्हणतात, "म्हणून जंगलात कोणी थांबेच ना!"

२. सायकल कोणी शोधली

सायकल एका माणसाने एका दिवसात शोधली नाही. जर्मनीत कार्ल ड्राइस नावाच्या माणसाने १८१७ साली लाकडाची दोनचाकी गाडी केली. तिला पायडल नव्हते. तिच्यावर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलत पळायचे.

पुढे इंग्लंडमध्ये खूप मोठे पुढचे चाक आणि लहान मागचे चाक अशा सायकली निघाल्या. त्यावर चढणे कठीण आणि पडले की डोके फुटे. मग १८८५ साली इंग्लंडातच जॉन केम्प स्टार्ली यांनी साधारण सारख्या दोन चाकांची आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल बाजारात आणली. आपली सायकल तिच्याचसारखी आहे.

तेव्हा टायर भरीव रबराचे असत. रस्त्यावर फार हादरे बसत. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाची तीनचाकी फार हादरत होती. म्हणून त्यांनी १८८८ साली चाकाला हवा भरलेली रबरी नळी लावली. म्हणजे मुलासाठी बापाने केलेल्या वस्तूचा उपयोग साऱ्या जगाला झाला.

आपल्या देशात लुधियानाच्या हिरो कंपनीने १९५६ साली सायकली बनवायला सुरुवात केली. १९८६ साली तिचे नाव जगातील सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून गिनीज बुकात आले.

३. सायकल मोजली

मी टायरवर खडूने एक खूण केली. अंगणात सायकल सरळ ढकलली. खूण जमिनीला लागली तिथे रेघ मारली. चाक एक फेरा फिरून पुन्हा खूण जमिनीला लागली तिथे दुसरी रेघ मारली. दोन्ही रेघांमधले अंतर टेपाने मोजले. ते २ मीटर २३ सेंटीमीटर भरले.

मग दातांची चक्रे मोजली. पायडलजवळच्या मोठ्या चक्राला ४४ दात आहेत. मागच्या चाकाच्या लहान चक्राला, म्हणजे फ्रीव्हीलला, १८ दात आहेत. दोन्ही चक्रांवर एकच चेन आहे. म्हणून पुढचे जितके दात पुढे सरकतात तितकेच मागचे सरकतात.

आता गुणाकार पाहा.
४४ × ९ = ३९६
१८ × २२ = ३९६

म्हणजे पायडलचे ९ फेरे मारले की मागचे चाक २२ फेरे फिरते. २२ फेऱ्यांत सायकल सुमारे ४९ मीटर जाते. पाय ९ वेळा फिरतो आणि सायकल ४९ मीटर पळते! पायी चालताना असे होत नाही.

असे हिशेब करत गेले तर १ किलोमीटरला पायडलचे सुमारे १८४ फेरे लागतात. सिंदेवाहीपर्यंत ८२८ फेरे. बाबा आरामात सायकल चालवतात तर त्यांना २५ मिनिटे लागतात. पायी जायला एक तासाहून जास्त लागतो.

४. ओझे हलके का लागते

धानाचे पोते डोक्यावर घेतले तर मान दुखते. तेच सायकलवर ठेवले तर एक माणूस सहज नेतो. असे का?

वर्गात आम्ही एक प्रयोग केला. तीन जाड पुस्तके दोऱ्याने बांधली आणि टेबलावरून ओढली. दोरा ताणला, पुस्तके अडखळली. मग पुस्तकांखाली तीन गोल पेन्सिली आडव्या ठेवल्या आणि पुन्हा ओढली. पुस्तके घरंगळत आली. घासत जाण्यापेक्षा घरंगळत जाणे सोपे असते. सायकलीच्या चाकाच्या मधात पोलादी छर्रे असतात. ते आपल्या पेन्सिलींचेच काम करतात. छर्ऱ्यांना ग्रीस लावले नाही तर ते घासतात, आवाज करतात आणि झिजतात.

शिवाय सायकलवरचे वजन माणसाच्या मानेवर नसते. ते चाकावरून जमिनीवर जाते. माणसाने फक्त तोल सांभाळायचा आणि पुढे लोटायचे.

आमची सायकल काय काय नेते ते मी लिहून काढले. धान, तांदूळ, मोहफुले, सरपण, तेंदूपत्त्याचे पुडे, बांबू, खताची बॅग, दळण आणि पाहुणे. आमच्या धानात एचएमटी ही जात असते. ती जात शोधणारे दादाजी खोब्रागडे आपल्याच जिल्ह्याचे, नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे. त्या धानाला घड्याळाच्या कंपनीचे नाव पडले. दादाजी २०१८ साली वारले. त्यांचा तांदूळ मात्र अजून आपल्या सायकलींवरून मिलला जातो.

५. पंक्चर कसे काढतात

आपल्याकडे बाभळीचा काटा फार. आमच्या घरी पंक्चर आबाजी काढतात. त्यांना आता सायकल चालवता येत नाही, गुडघे दुखतात. पण सायकलीचे डॉक्टर तेच.

प्रथम टायरची एक बाजू काढून ट्यूब बाहेर घ्यायची. तिच्यात हवा भरायची. घमेल्यात पाणी घेऊन ट्यूब थोडी थोडी बुडवायची. जिथून बुडबुडे निघतात तिथे भोक आहे. ती जागा पुसून कोरडी करायची आणि खरखरीत कागदाने घासायची. सोल्युशन लावायचे. लगेच ठिगळ लावायचे नाही. सोल्युशन थोडे सुकू द्यायचे, मग ठिगळ दाबून बसवायचे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे टायरच्या आत बोट फिरवून काटा शोधायचा. काटा तसाच राहिला तर पुन्हा तिथेच पंक्चर होते. आबाजी म्हणतात, "ठिगळ मागून लाव, काटा पहिले काढ."

हवा भरण्याच्या जागी व्हॉल्व असतो. त्यावर लहान रबरी नळी चढवलेली असते, तिला वालट्यूब म्हणतात. पंपाची हवा त्या रबराला बाजूला सारून आत जाते. आतली हवा बाहेर येऊ पाहते तेव्हा तीच रबराला दाबून भोक बंद करते. म्हणजे आतली हवाच दार लावून घेते. मला ही गोष्ट फार आवडली.

६. सात दिवसांची नोंद

गुरुजी म्हणाले, "वस्तूचा अभ्यास झाला. आता माणसांचा कर. सायकल कोण वापरते?" मी म्हटले, "बाबा." गुरुजी म्हणाले, "सात दिवस लिहून पाहा, मग सांग."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात मी वही केली. तिच्यात तीन रकाने आखले. चालवली, मागे बसले, ढकलत नेली. रोज रात्री लिहीत गेले. सोमवार ते रविवार अशी नोंद आली.

बाबा : चालवली ५४ किलोमीटर. (रोज जाऊन येऊन ९, असे सहा दिवस.)
ताई : चालवली ९ किलोमीटर. (रविवारी आबाजींचे औषध आणायला सिंदेवाहीला गेली.)
मी : मागे बसले ९ किलोमीटर. (ताईबरोबर.)
आई : मागे बसली ४ किलोमीटर ५०० मीटर. (बाजाराच्या दिवशी पायी गेली, बाबांबरोबर परत आली.) ढकलत नेली २८ किलोमीटर.
आबाजी : काहीच नाही. पण हवा रोज तपासली.

सायकल एकूण ९१ किलोमीटर फिरली. म्हणजे तिचे प्रत्येक चाक ४० हजारांपेक्षा जास्त वेळा फिरले.

ही नोंद पाहून मला आश्चर्य वाटले. तो मोहाचा हंगाम होता. उजाडल्यावर आई दहा-बारा बायांबरोबर मोह वेचायला जायची. जाताना टोपली आणि रिकामी पोती सायकलला. येताना भरलेली पोती. जाऊन येऊन ४ किलोमीटर. बाबा कामाला निघायच्या आधी ती सायकल आणून द्यायची. सात दिवसांत तिने २८ किलोमीटर सायकल नेली आणि एकदाही तिच्यावर बसली नाही. जाताना तर सायकल रिकामीच असे. तरी आई तिच्या बाजूने पायी चालत होती.

मी रात्री ही नोंद सर्वांना वाचून दाखवली. बाबा काही बोलले नाहीत. आबाजी म्हणाले, "म्हणजे सूनबाई सायकल घेऊन चालते, सायकलवर चालत नाही."

मी आईला विचारले, "आई, तू का शिकली नाहीस?"

आई म्हणाली, "लहानपणी घरी सायकल एकच होती. ती भावाले भेटे. मंग लग्न झालं. आता मले कायले लागते सायकल?"

७. पुदुकोट्टईच्या बाया

दुसऱ्या दिवशी गुरुजींना नोंद दाखवली. त्यांनी वर्गाला एक खरी गोष्ट सांगितली.

तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथे १९९१ साली साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. शीला राणी चुंकत या तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. लिहिणे-वाचणे शिकता शिकता तिथल्या खेड्यांतील बाया सायकलही शिकू लागल्या. शेतात काम करणाऱ्या, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या, अशा हजारो बाया शिकल्या. सुरुवातीला लोक हसले. पण बाया सायकलवर पाणी आणू लागल्या, माल बाजारात नेऊ लागल्या, पोरांना घेऊन जाऊ लागल्या. बसची वाट पाहणे वाचले. कित्येकींनी बायांच्या सायकलीपेक्षा पुरुषांची दांडीची सायकल पसंत केली. कारण दांडीवर लेकरू बसवता येते!

आमच्या सायकललाही दांडी आहे. मी ही गोष्ट घरी जाऊन सांगितली. आई भाकर करत होती. तिने काही उत्तर दिले नाही. पण थोड्या वेळाने विचारले, "त्या बाया किती वयाच्या होत्या?"

८. आई सायकल शिकली

शिकायला एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली. जागा, आपल्या शाळेचे मैदान. वेळ, बाबा कामावरून आल्यावर. आबाजींनी पान्याने सीट अगदी खाली केली, म्हणजे दोन्ही पाय जमिनीला टेकतात. रोवणीच्या वेळी खोचतात तशी आईने साडी खोचली.

शिकवण्याच्या पायऱ्या ताईने ठरवल्या. त्या इथे लिहिते, कोणाला आपल्या घरी उपयोगी पडतील.

पहिली पायरी : पायडलला पाय लावायचा नाही. सीटवर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे लोटायची. (कार्ल ड्राइसची गाडी अशीच होती!) याने तोल कळतो.
दुसरी पायरी : ब्रेक. चालवण्याच्या आधी थांबायला शिकायचे.
तिसरी पायरी : मागून कॅरेज धरणारा एक माणूस. शिकणाऱ्याने पायडल मारायचे आणि दूर समोर पाहायचे. चाकाकडे पाहिले की सायकल वाकडी जाते.
चौथी पायरी : कॅरेज हळूच सोडून द्यायचे.

सायकल उभी असली की पडते आणि चालती असली की पडत नाही. कारण चालती सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल थोडे वळवले की ती पुन्हा सरळ होते. शिकलेला माणूस हे न कळत करत राहतो. नवा माणूस घाबरून उलट वळवतो.

पहिल्या दिवशी मैदानाबाहेर पोरे जमा झाली आणि हसली. आई दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आबाजी स्वतः मैदानात जाऊन खाट टाकून बसले. मग कोणी हसले नाही. आई दोनदा पडली, कोपर सोलले. आबाजी म्हणाले, "भेवाचं काम नाही. मी तं नाल्यात पडलो होतो."

नवव्या दिवशी ताईने कॅरेज सोडले. आईला माहीत नव्हते. ती वडाच्या झाडापासून बोअरिंगपर्यंत गेली, ब्रेक मारला, पाय टेकवले आणि मागे वळून पाहिले. ताई वडापाशीच उभी होती. मी नंतर अंतर मोजले. ६२ मीटर.

९. ताईच्या शाळेचे कसे ठरले

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

गेल्या वर्षी आपल्या गावच्या दोन मुली सातवीनंतर घरीच राहिल्या. अभ्यासात त्या कमी नव्हत्या. रस्त्याची भीती होती. आईलाही तेच वाटत होते. "मधात जंगल आहे. पोरगी कशी जाईन?" असे म्हटले की बोलणे तिथेच थांबायचे.

गुरुजींनी पालकसभेत सांगितले होते की मानव विकास कार्यक्रमातून आपल्या भागात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल मिळते. शाळेपासून घर ५ किलोमीटरच्या आत पाहिजे. आमचे घर साडेचार किलोमीटरवर आहे, म्हणजे ताई त्यात बसते. बिहार राज्यातही २००६ सालापासून नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले आणि त्यामुळे पुढे शिकणाऱ्या मुली वाढल्या, असे गुरुजींनी सांगितले. पण सायकल मिळाली तरी घरून पाठवले पाहिजे ना!

एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी सकाळी आई म्हणाली, "मी पाहून येतो रस्ता." ताईने शेजारच्या काकूंची सायकल मागितली. मी ताईच्या मागे बसले. आई आमच्या सायकलवर. पूर्ण उजाडल्यावर निघालो. जंगलाचा दीड किलोमीटर आई सारखी घंटी वाजवत होती. मी पायडल मोजत होते, पण मधातच मोज विसरली, कारण ताई आणि आई मोठमोठ्याने बोलत होत्या. रस्त्यात आम्हाला मिलचे कामगार भेटले, दूधवाले भेटले आणि बाजूच्या गावच्या तीन मुली भेटल्या. त्या आठवी-नववीच्या होत्या आणि शिकवणीला जात होत्या. आई उतरून त्यांच्याशी बोलली. कधी निघता, कधी परत येता, किती जणी असता, सगळे विचारले.

आम्हाला सिंदेवाहीला पोहोचायला ४० मिनिटे लागली. परत आल्यावर आई खाटेवर बसली, पाणी प्यायली आणि बाबांना म्हणाली, "पोरीचं नाव टाका आठवीत. मी रस्ता पाहिला."

मग घरात असे ठरले. ताईची सायकल येईपर्यंत ती सकाळी बाबांच्या मागे बसून जाईल आणि संध्याकाळी त्या तीन मुलींबरोबर परत येईल. सायकल आली की चौघी मिळून जातील आणि मिळूनच येतील. रविवारी ताईची सायकल आईला मिळेल. बाबा म्हणाले, "आता घरात चालवणारे तीन झाले." मी म्हटले, "चार होतील." कारण मलाही पाचवीला ३ किलोमीटर जायचे आहे. मी सध्या दांडीखालून पाय घालून कैची चालवते.

१०. जंगलातल्या रस्त्याचे नियम

आपला जिल्हा ताडोबाचा आहे. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली झाले. आपल्या राज्यातले ते सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे. वाघ फक्त उद्यानात राहत नाही, आपल्या शेताशिवारातूनही फिरतो. शाळेत वनरक्षक काका आले होते. त्यांनी सांगितलेले आणि घरचे, असे नियम एकत्र लिहिते.

(१) अंधारात जंगलातून सायकल न्यायची नाही. पूर्ण उजाडल्यावर निघायचे, सूर्य बुडायच्या आधी घरी यायचे.
(२) एकट्याने जायचे नाही. तीन-चार जण मिळून जायचे.
(३) बोलत, घंटी वाजवत जायचे. जनावराला आपण येतो हे आधी कळले पाहिजे.
(४) रस्त्यात वाकून किंवा खाली बसून फळे, फुले वेचायची नाहीत.
(५) निघण्याच्या आधी हवा, ब्रेक आणि चेन पाहायची. जंगलात सायकल बिघडू नये.
(६) रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचे. तिघांनी एका सायकलवर बसायचे नाही.

११. मी काय शिकले

दरवर्षी ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१८ सालापासून सुरू केला. त्या दिवशी आपल्याला सुट्टी असते, पण सायकल पुसून तेल घालता येते.

सायकल हे साधे यंत्र आहे. पण घरात ती कोणाच्या हाती असते यावरून पुष्कळ गोष्टी ठरतात. कोण कामाला जाईल, कोण दवाखान्यात जाईल, कोण पुढे शिकेल. म्हणून सायकलीचे भाग पाठ करणे पुरे नाही. तिच्यावर कोण बसते आणि तिच्या बाजूने कोण पायी चालते, हेही लिहून पाहिले पाहिजे.

सांगा पाहू

(१) तुमच्या घरच्या सायकलीच्या पुढच्या आणि मागच्या चक्राला किती दात आहेत?
(२) चाकाच्या एका फेऱ्यात ती किती सेंटीमीटर जाते? खडूने खूण करून मोजा.
(३) ट्यूबमध्ये भरलेली हवा व्हॉल्वमधून परत बाहेर का येत नाही?
(४) तुमच्या घरी सायकल कोण चालवते, कोण मागे बसते, कोण ढकलत नेते? सात दिवस नोंद करा.
(५) ज्यांना येत नाही त्यांना सुट्टीत कोण शिकवेल?

उत्तरे कागदावर लिहून भित्तिपत्रकाखालच्या पेटीत टाकावी. पाचव्या प्रश्नाचे उत्तर मात्र मैदानात द्यावे.

इयत्ता चौथी